सरांचा न कापलेला ओंडका

मला इंग्रजीतले दोनच शब्द येतात, आणि ते दोन्ही आजच्या इंग्रजांना येत नाहीत. हे मी छाती ठोकून सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली. गुरुजींनी छडी उगारली, मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, छडी खिडकीतून बाहेर टाकली आणि मी दारातून बाहेर गेलो. परत काही गेलो नाही. पण हे दोन शब्द कुणीही, कधीही विचारावेत. वित् म्हणजे आम्ही दोघं. यित् म्हणजे तुम्ही दोघं. तिकडं हजार वर्षांमागं लोक असं बोलायचे. एकट्याला वेगळा शब्द, गर्दीला वेगळा आणि फक्त दोघांना वेगळा.

हे शब्द मला ज्यांनी दिले ते सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. इथंही तेवढंच पुरे.

माधवनगर रस्त्याला तेव्हा आमची लाकडाची वखार होती. आमची म्हणजे माझी आणि दस्तगीरची. दोघांनी धरायची लांब करवत, खाली खड्डा, खड्ड्यावर आडवा ओंडका. दस्तगीर ओंडक्यावर उभा राहायचा, मी खड्ड्यात. लोकांना वाटतं वरचा माणूस मोठा. वरचा रेषा बघतो आणि करवत उचलून देतो, एवढंच. लाकूड कापतं ते खालच्याच्या ओढीनं. डोळ्यांत भुसाही त्याच्याच जातो. दस्तगीरला हे कधी पटलं नाही. त्याचं चुकत होतं.

सर पहिल्यांदा आले ते ट्रकच्या केबिनमधून, मांडीवर छत्री घेऊन. मागं सागाचा एक ओंडका. बहात्तरच्या दुष्काळात वाईकडं त्यांच्या सासऱ्यांच्या बांधावरचं झाड वाळलं, ते म्हाताऱ्यानं तोडलं आणि लेक-जावयाला दिलं, हे आम्हाला पुढं कळलं. ओंडका असा सरळ, की दस्तगीरनं हात फिरवून नुसतं "वा" म्हटलं. सर म्हणाले, "माझं लाकूड आहे. नीट वाळू द्या. मग माझ्या पुस्तकांचं कपाट करायचं आहे."

ओंडका उतरवून आम्ही आमच्या कामाला लागलो. सर छत्री टेकून बघत राहिले. घटकाभरानं एकदम ओरडले, "थांबू नका! आत्ता एकमेकांना काय म्हणालात?"

दस्तगीर वरनं म्हणाला, "कुठं काय म्हणालो? हं म्हणालो."

"आणि तुम्ही खालून?"

"मीबी हंच म्हणालो," मी म्हणालो.

"तोच!" सर म्हणाले. "तोच तो! वित् सुचायच्या आधी त्या जुन्या इंग्रजांचं तरी काय वेगळं असणार!"

दस्तगीर वाकून माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "ओढ तू. शिकलेली मान्सं हायत, असत्यात अशी."

त्यानंतर कॉलेज सुटलं की सर वखारीत यायचे. उन्हाळा असो, हिवाळा असो, हातात छत्री आणि खिशात खडू. बोलता बोलता कुठल्याही ओंडक्यावर लिहायचे. एकदा मिरजेचं एक गिऱ्हाईक माल बघायला आलं आणि त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारायला लागलं, "ह्यो कुठल्या डेपोचा शिक्का हो?" मी म्हणालो, "लय लांबचा डेपो. आता बंद पडला." त्यानं तोच ओंडका घेतला.

सरांचं सगळं जग तीन वाट्यांत होतं. एक, दोन आणि गर्दी. तीन माणसं जमली की त्यांची गर्दी सुरू. "दोघं असतात तोवर बोलणं होतं," ते म्हणायचे, "तिसरा आला की भाषण." चहाच्या गाड्यावर तिसरा माणूस येऊन उभा राहिला तर सर अर्धा कप टाकून निघून जायचे. टांग्यात आम्ही दोघं आणि ते असं बसायची वेळ आली तर ते पायी चालायचे.

उसाच्या हंगामात कारखान्याकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायची. सर एकदा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, एका बैलजोडीसमोर छत्री छातीशी धरली आणि अदबीनं म्हणाले, "यित्." बैल थांबले. मागच्या गाड्याही थांबल्या. गाडीवान खाली उतरला.

"आवं, बैलं बिचकत्यात की! काय म्हणताय त्यांस्नी?"

"तुम्ही दोघं, असं म्हणतोय. जुन्या इंग्रजीत."

"मग मराठीत म्हणा. बैलं इथलीच हायत."

हे सर स्वतःच लोकांना सांगायचे आणि डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसायचे.

हा शब्द आला कुठून, हे मी त्यांना विचारलं होतं. दस्तगीर म्हणाला, कशाला विचारतोस, संध्याकाळ जाईल. गेलीच. सरांनी खडूनं ओंडक्यावर दोन खुणा केल्या. एक 'आम्ही', एक 'दोन'. म्हणाले, "इंग्रज, जर्मन, वरचे थंडीतले ते दर्यावर्दी, ह्या सगळ्यांचे बापजादे एकच भाषा बोलत होते. ते आधी 'आम्ही' आणि 'दोन' हे शेजारी शेजारी ठेवून म्हणत असावेत. रोज म्हणून म्हणून ते घासले, शेवटी चिकटून एक झाले. वित्. मग 'तुम्ही दोघं'ला तसाच शब्द पाहिजे, म्हणून ह्याचं शेपूट उचलून त्याला लावलं. यित्."

"हे कुणी बघितलंय?" मी विचारलं.

"कुणीही नाही. तेव्हा लिहीत कोण होतं? विद्वानांचा अंदाज आहे. पण त्याच्याही मागचं आहे. आपल्या संस्कृतात 'आवाम्' आहे, आम्ही दोघं. चुलत घराणं आहे सगळं. संस्कृतानं जपलं, मराठीनं टाकलं. इंग्रजीनं वापरून वापरून एक दिवस टाकलं. 'आम्ही'नं त्याला खाल्लं."

"आणि ते दोघं?" दस्तगीरनं विचारलं. "आमी दोघं झालं, तुमी दोघं झालं. पलीकडल्या दोघांस्नी काय म्हणायचं?"

सर खूश झाले. "त्याला त्यांच्याकडं असा शब्दच सापडत नाही. का? माझं मत सांगतो. दोघंपण आतल्याला कळतं. नाहीतर समोर उभा राहून बोलणाऱ्याला. लांबून बघणाऱ्याला ती नुसती दोन माणसं दिसतात."

खरं असेल, खोटं असेल. मी विश्वास ठेवला. ह्यात खोटं बोलून कुणाचं काही भलं होण्यासारखं नव्हतं.

आता ज्या माणसाला 'आम्ही दोघं'चं एवढं वेड, त्याच्या तोंडात स्वतःबद्दल कायम 'माझं'. माझं घर, माझी पुस्तकं, माझं लाकूड. आम्हाला वाटायचं, माणूस एकटा आहे. दोनेक वर्षं ओंडका वाळत पडला, तोवर आम्ही त्यांच्या बायकोला बघितलंही नव्हतं.

मग दिवाळी झाल्यावर एका रविवारी त्या आल्या. वाईच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. बुटक्या, खणखणीत आवाज, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. आम्ही नुसतं बाई म्हणायचो. नोकरी ह्यांची सांगलीला, त्यांची वाईला. सोडायला कुणीच तयार नाही. सुटीला कधी हे एसटीत, कधी त्या, असा संसार. त्या दिवाळीत काहीतरी बोलणं झालं, आणि बाईंनी ठरवलं की आता ये-जा बंद.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "ओंडका उभा मधोमध कापा. अर्धा वाईला, माझ्या झोपाळ्याला. अर्धा ह्यांच्या कपाटाला."

सर मागं उभे. त्यांनी मला बाजूला घेतलं. "ती म्हणते तसंच करा. बरोबर मधोमध." आवाज ठाम होता. पण छत्री त्यांनी उलटी धरली होती, मूठ जमिनीला.

मी समजलो. हे लाकूड दोन झालं की घर दोन होणार, आणि सरांना ते नको आहे, आणि ते जन्मात बोलणार नाहीत. असल्या बाबतीत मी मध्ये पडत नाही. पण आमच्या वखारीची एक रीत होती. ती दस्तगीरच्या वडिलांची. त्यांनीच मला ही करवत धरायला शिकवलं. कुणाच्या घरच्या झाडाचा ओंडका असेल तर पहिली ओढ मालकाची. नवरा-बायको असतील तर दोघांची, दोन मुठींना दोघं. ओंडक्याचं तोंड आडवं कापायचं, जी चकती पडेल ती विकायची नाही, जाळायची नाही. ती मालकाच्या घरात गेली की मगच आमची करवत पुन्हा त्या लाकडाला लागायची. त्याआधी नाही.

मी रीत सांगितली. बाई म्हणाल्या, "चला, उरका."

ओंडका कापायच्या लाकडी घोडीवर चढवला. दस्तगीरनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ते काम त्याच्या वडिलांपासून त्यांच्याकडंच होतं. एका मुठीला सर, एका मुठीला बाई.

"ओढायचं," मी सांगितलं. "ढकलायचं न्हाई. आपली ओढ झाली की हात ढिला सोडायचा. समोरच्याला ओढू द्यायचं."

"समजलं," सर म्हणाले. "ह्यात काय अवघड आहे?" आणि पहिल्याच ओढीला त्यांनी ढकललं. पातं मध्ये वाकलं आणि कण्हलं.

"ढकलू नका," बाई म्हणाल्या.

"मी ढकलत नाही. मदत करतोय."

"तीच नको. बघा मिस्त्री, ह्यांची मदत अशी असते. समोरच्यानं ओढायच्या आधीच ढकलून मोकळे."

"तू ओढतच नव्हतीस."

"तुम्ही सोडाल तेव्हा ओढीन ना!"

दस्तगीरनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी हसलो नाही. करवत खराब होत होती.

पुन्हा लावली, पुन्हा वाकली. सरांचा घाम छातीवर उतरला. बाईंनी पदर खोचला. मग बाई तोंडानं ताल देऊ लागल्या, पाढे म्हणून घेतल्यासारखं. "तुम्ही... मी... तुम्ही... मी..." हळूहळू करवत चालायला लागली. भुसा पडायला लागला. माधवनगरच्या गिरणीचा भोंगा होऊन गेला तरी दोघांनी मान वर केली नाही. शेवटी चकती पडली. माझ्या उभ्या हयातीत इतकी वाकडी चकती बघितली नाही. एका अंगाला चार बोटं जाड, दुसऱ्या अंगाला बोटभर. सर तिच्याकडं बघत म्हणाले, "छान आलीय माझी चकती."

बाई जागच्या जागी वळल्या.

"तुमची? जगातले सगळे 'आम्ही दोघं' तुम्हाला पाठ आहेत, घरातले सोडून. झाड माझ्या वडिलांचं. चकती वाईला जाईल."

"ओंडका इतके दिवस मी राखला. चकती सांगलीत राहील."

दस्तगीर भोळा. तो म्हणाला, "दोन करून देऊ का?"

"न्हाई," मी म्हणालो. "फुटकी चकती घरात जात न्हाई."

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"आता काय? तुमी ठरवा. चकती घरात गेली की करवत लावतो."

"आणि नाही ठरलं तर?"

"तर ओंडका हितंच. माझी जागा लय मोठी हाय."

बाई म्हणाल्या, "तुम्ही फार हट्टी आहात, मिस्त्री." मी म्हणालो, व्हय.

पंधरवड्यानं सर एकटे आले आणि मला पटवायला लागले. मी ऐकून घेतलं नाही. पुढल्या रविवारी बाई एकट्या आल्या. त्यांचंही ऐकलं नाही. दोघांना एकच सांगितलं, "करवत एकट्यानं चालत न्हाई. बोलायचं आसंल तर दोघं मिळून या."

म्हणून ते दोघं मिळून यायला लागले. बाई सकाळच्या एसटीनं वाईहून निघायच्या, साताऱ्याला गाडी बदलून दुपारी पोचायच्या. सर छत्री घेऊन स्टँडवर उभे. तिथून वखारीत. तो ओंडका एका बाजूला निंबाच्या सावलीत लावून ठेवला होता, त्यावर ते बसायचे. सर एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला, मध्ये चकती. भांडण जोरात व्हायचं. गाड्यावरचा चहावाला न सांगता दोन कप आणून ठेवायचा. दुसऱ्या बाजूनं मी आणि दस्तगीर आमची ओढाओढ करत असायचो.

त्याच वर्षी रस्त्याच्या पलीकडं मशीनची सॉ मिल सुरू झाली. आमचं निम्मं गिऱ्हाईक तिकडं गेलं. तिथं रीत-बीत कुणी विचारत नव्हतं. ओंडका ठेवायचा, बटण दाबायचं, चहा संपायच्या आत दोन तुकडे. ओंडक्यावर बसलं की ती मिल समोरच दिसायची. तिचा आवाज इतका, की सरांना आणि बाईंना एकमेकांचं ऐकू यायचं नाही. त्या दोघांतल्या एकानं जरी हमाल बोलावला असता तर मी अडवू शकलो नसतो. लाकूड त्यांचं होतं. एकानंही बोलावला नाही. आवाज वाढला तसे ते ओंडक्यावर जरा जवळ सरकून बसायला लागले, एवढंच.

असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एका दुपारी मी खड्ड्यात होतो. सॉ मिलची वीज गेली आणि सगळीकडं शांतता झाली. कानावर त्यांचं बोलणं आलं. चकतीचा विषय नव्हता. बाई हेडमास्तरीणबाईंची नक्कल करत होत्या आणि सर आपल्या दुखऱ्या दाढेवर हात धरून हसत होते. मध्येच बाई म्हणाल्या, "दाढ काढून घ्या ना एकदाची. मी येते बरोबर." सर म्हणाले, "ये."

दस्तगीर वरनं हळूच म्हणाला, "भांडान मिटलं जनू."

"गप. रेषा बघ तू."

"रेषा बघतोयच की रं. तुला खड्ड्यातनं काय दिसतंय?"

मला दिसत काहीच नव्हतं. ऐकू येत होतं. चकती त्यांच्या पायाशी पडली होती आणि तिच्यावर चहाचे दोन कप ठेवलेले. चकती वाकडी असून चहा सांडत नव्हता. बाईंनी बोटभर बाजूखाली एक चिपाड सारलं होतं. हे मी नंतर वर येऊन बघितलं.

त्या दिवशी दोघांनी काही ठरवलं नाही. मीही विचारलं नाही.

सर रिटायर झाले तेव्हा कॉलेजात भाषणं झाली. मला आणि दस्तगीरला बोलावणं होतं. आम्ही इस्त्रीचे कपडे करून गेलो आणि मागं उभे राहिलो. मंडळी बोलली, सर बोलले. वित्चं तिथं काही काढलं नाही. हॉलभर माणसं होती, गर्दी होती. मला त्याचं नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर वखारीत आले. एकटे. मी म्हणालो, "एकट्याचं ऐकणार न्हाई, माहीत हाय न्हवं?"

"माहीत आहे. ती स्टँडवर बसलीय, सामान राखत. मी चकती न्यायला आलोय. चकती वाईला जातेय."

"मंजी बाई जिंकल्या?" दस्तगीर म्हणाला.

"चकतीबरोबर मीही जातोय," सर म्हणाले. "तुम्ही आता ओंडका कापा. कपाट आणि झोपाळा, दोन्ही बसेल ना त्यात?"

"दोन्ही बसून उरंल," मी म्हणालो. "फळ्या कुठं पाठवायच्या?"

"सगळ्या एकाच ट्रकनं."

चकती दस्तगीरनं डोक्यावर घेतली. मी सरांची छत्री घेतली. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली होती. बाई खिडकीला बसल्या होत्या, शेजारची जागा पिशवी ठेवून धरलेली. दस्तगीरनं चकती आत चढवली आणि मधल्या वाटेत ठेवली. कंडक्टर आला. त्याचा पाय अडकला.

"आवं पावनं, ह्ये धूड कुणाचं? लगेज लागंल ह्याला."

सरांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मला माहीत होतं. इतकी वर्षं ऐकत आलो होतो. बाईंनाही माहीत होतं. त्या मुद्दाम खिडकीबाहेर, माझ्याकडं बघत होत्या.

सर म्हणाले, "आमच्या दोघांचं."

बाईंची मान झटकन आत वळली.

कंडक्टरला ह्यातलं काय कळणार? तो पंच वाजवत म्हणाला, "मग लगेज एक फाडू का दोन?"

"एक," बाई म्हणाल्या. "एकच फाडा."

गाडी हलली. सरांनी खिडकीतून हात बाहेर काढला तो छत्रीसाठी, ती माझ्याच हातात राहिली होती. मी चार पावलं पळून ती दिली. मला म्हणाले, "यित्!" आणि दस्तगीरकडंही बोट केलं. दस्तगीरनं हात वर केला. मीही केला.

वखारीत आलो तोवर ऊन कलायला लागलं होतं. पलीकडं मिल घोंघावत होती. ती दोघं चकतीसकट एका गाडीत बसली, तेव्हाच ती घरात गेली असं मी धरलं. आम्ही निंबाखालचा ओंडका खड्ड्यावर चढवला. दस्तगीरनं रेषेसाठी काव लावलेलं सूत मारलं, मी करवतीच्या दात्यांवरनं कानस फिरवली. सर आणि बाई बसायचे ती जागा झिजून गुळगुळीत झाली होती. दस्तगीर म्हणाला, "एवढी रंधून घ्यावी लागंल." मी म्हणालो, "तेवढी तशीच ऱ्हाऊ दे. वरची फळी झोपाळ्याला जाऊ दे."

मग आम्ही करवत उचलली. खाली मी, वर दस्तगीर.